आवाजाचा घाट

मित्रांनो, एक टाळी वाजवा पाहू! वाजवली? आता डोळे मिटून पुन्हा एकदा वाजवा आणि नीट ऐका. 'टप्' असा आवाज झाला आणि संपला. आता हीच टाळी न्हाणीघरात जाऊन वाजवा. मग जिन्यात वाजवा. हात तेच, टाळी तीच. पण आवाजाचं शेपूट प्रत्येक ठिकाणी निराळं. कुठे तोकडं, कुठे लांबलचक!

या शेपटाकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते वेरूळला, आणि अगदी नको त्या वेळी गेलं. ती गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती. आज तुम्हाला सांगतो.

1992 साल. मी आठवीत होतो. शाळेची सहल निघाली होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. तिथून वेरूळ साधारण 30 किलोमीटर. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो, मग गाडी कण्हत-कुथत घाट चढते, वर खुलताबादचं पठार येतं आणि पलीकडे उतरलं की वेरूळ. हा रस्ता लक्षात ठेवा बरं का, पुढे त्याचं काम पडणार आहे.

वेरूळला 34 लेणी आहेत. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. कैलास लेणं 16 नंबरचं. ते पाहून आमच्या माना दुखल्या. पण खरी धमाल आली ती 10 नंबरच्या लेण्यात. त्याचं नाव विश्वकर्मा लेणं. जुनी माणसं त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. का? तर आत शिरून वर पाहा. छताला लाकडी घरासारख्या वाकवलेल्या फासळ्या दिसतात. लाकूड मात्र औषधालाही नाही. सगळं एकसंध दगडात कोरलेलं! सातव्या शतकाच्या सुमाराचं हे काम. समोर स्तूप, त्याच्या पुढे बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा.

आम्हाला लेणं दाखवणारे आजोबा म्हणाले, "पोरांनो, एकेकानं पुढं यायचं आणि आपलं नाव घ्यायचं. मग गप उभं राहून ऐकायचं."

एकेक जण पुढे जाऊ लागला. "सु-नी-ल!" आणि मग ते नाव छताच्या फासळ्यांतून फिरत, खांबांना वळसे घालत, हळूहळू विरत जायचं. पोरं नुसती खूश! आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण माझं नाव 'क'नं सुरू होतं.

मित्रांनो, मी बोलताना अडखळायचो. आजही अडखळतो. 'क', 'त', 'प' ही अक्षरं तर माझी हाडवैरी. वर्गातली मुलं मला 'कॅसेट' म्हणायची, म्हणजे अडकलेली कॅसेट. माझी पाळी आली. मी पुढे गेलो. "क..." आणि अडकलो. "क... क... क..." लेण्यानं ते सगळे 'क' इमानदारीनं उचलले आणि घुमवले. मग पोरं हसली, आणि लेण्यानं ते हसूही घुमवलं! तुम्ही कधी 40 पोरांचं हसू दगडातून परत येताना ऐकलंय? देव करो आणि न ऐकायची वेळ येवो.

आजोबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दमानं, लेकरा." मी मात्र बाहेर पळालो आणि गाडीत जाऊन बसलो.

आता एकदम वीस वर्षं पुढे या. पुण्यात एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या टेबलावर एक अजब पेटी होती. लहान लहान चौकटी शेजारी शेजारी बसवलेल्या, त्यांवर फिरवायची बटणं, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरी. मला वाटलं, टेलिफोनचं काही जुनं यंत्र असावं. पण ते होतं वाद्य! मॉड्युलर सिंथेसायझर. विजेपासून आवाज बनवणारं, सुट्या भागांचं वाद्य. नेहमीच्या कीबोर्डमध्ये आतल्या वायरी कारखान्यात जोडलेल्या असतात. इथं मात्र कुठली वायर कुठं खोचायची ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं. या वायरी खोचण्याला म्हणतात 'पॅचिंग'.

मित्रानं एक चौकट सुरू केली. "ऊंऽऽऽ" असा आवाज सुरू झाला तो थांबेचना. मच्छर कानाशी बसावा तसा. तो म्हणाला, "हा आवाज अजून वाद्य झालेला नाही. याला सुरुवात नाही, शेवट नाही. याला घाट द्यायला हवा." मग त्यानं आणखी एक चौकट जोडली. तिचं नाव 'एन्व्हलप जनरेटर'.

एन्व्हलप म्हणजे पाकीट हे तुम्हाला ठाऊक आहे. पण इथं पाकीट म्हणजे आवाजाचं बाहेरून दिसणारं रूप, त्याचा आकार. मराठीत आपण घाटदार भांडं म्हणतो ना? तोच हा घाट. आणि गंमत म्हणजे घाट म्हणजे डोंगरातला रस्ताही! म्हणून तो दौलताबादचा रस्ता आठवा.

आपण पेटीची पट्टी दाबली असं समजा. आवाज शून्यापासून वर चढतो. तो झाला चढ, इंग्रजीत अटॅक. माथ्यावर पोचून थोडा खाली येतो. तो उतार, म्हणजे डिके. मग एका पातळीवर टिकून राहतो, आपल्या खुलताबादच्या पठारासारखा. तो मुक्काम, म्हणजे सस्टेन. जोवर पट्टी दाबून धरली आहे तोवर मुक्काम. ड्रायव्हरकाकांचा चहा होईपर्यंत गाडी थांबते ना, तसा! बोट उचललं की आवाज खाली खाली येत संपतो, गाडी वेरूळला उतरावी तसा. ती झाली ओसर, म्हणजे रिलीज. प्रत्येकाला एकेक बटण. झाला की नाही घाट?

आता आपली वाद्यं आठवा. देवळातली घंटा : चढ क्षणात, मुक्काम नाही, ओसर मात्र लांब. घृष्णेश्वराच्या देवळात जाल तेव्हा ऐकून पाहा. तबल्याचा 'ता' : चढ क्षणात आणि ओसरही झटपट. हार्मोनियम : झटकन चढ, भात्यात हवा आहे तोवर मुक्काम. सारंगी किंवा व्हायोलिन हळुवार वाजवलं तर चढ अगदी निवांत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चढानं काय फरक पडतो? फार पडतो! 1948 साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर नावाच्या माणसानं घंटेचा आवाज मुद्रित केला आणि त्यातली फक्त सुरुवात, तो ठोका, काढून टाकला. उरलेला आवाज घंटेचाच होता; पण ऐकणाऱ्याला घंटा ओळखू येईना! म्हणजे वाद्याची ओळख सांगण्यात पहिल्या क्षणाचा वाटा केवढा मोठा असतो पाहा.

आणि हा एन्व्हलप जनरेटर आला कसा, तेही ऐका. 1964 साली अमेरिकेत रॉबर्ट मूग हा इंजिनिअर आणि हर्बर्ट डॉइश हा संगीतकार दोघे मिळून आवाजाच्या यंत्राची जुळवाजुळव करत होते. सूर निघत होता, पण त्याला सुरुवात-शेवट नव्हता. तेव्हा मूगनं डॉइशला हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं आणि मागवलं काय, तर दारावरच्या घंटीचं बटण! किंमत 35 सेंट. बटण दाबलं की आवाज वाढायचा, सोडलं की विरायचा. पुढच्याच वर्षी व्लादिमिर उसाचेव्स्की या संगीतकारानं मूगकडून यंत्राचे भाग बनवून घेताना घाटाचे चार टप्पे नेमून दिले. आज जगभर तेच चालतात.

आपल्या देशातही असं यंत्र फार लवकर आलं, बरं का. 1969 साली अमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवण्यात आला. तो बसवायला डेव्हिड ट्युडर हे अमेरिकन संगीतकार आले होते. तिथं आपल्या लोकांनी केलेल्या ध्वनिफिती कितीतरी वर्षं पडून होत्या. त्यांतल्या निवडक फिती 2023 साली लोकांपुढे आल्या. आणि आपल्या मुंबईत 1982 साली चरणजित सिंग यांनी तयार सिंथेसायझरांवर चक्क राग वाजवून रेकॉर्ड काढली! त्यांच्याकडचं एक यंत्र होतं रोलँड कंपनीचं टीबी-303. ते मॉड्युलर नव्हतं, पण घाटाचा आवाजावर किती परिणाम व्हावा, याचं वेगळं बटण त्यावर होतं.

आतमध्ये काय चालतं, तेही सोपं आहे. आवाजाच्या वाटेवर एक तोटी असते. ती उघडली की आवाज बाहेर, मिटली की बंद. ही तोटी हातानं नाही, विजेच्या दाबानं उघडते. एन्व्हलप जनरेटर हा दाब कमी-जास्त करतो. त्यात एक धारित्र असतं, म्हणजे विजेचा हंडाच. नळाची धार बारीक ठेवली तर हंडा सावकाश भरतो, मोठी ठेवली तर झटकन. अटॅकचं बटण म्हणजे ती धार बारीक-मोठी करणारी चावी.

पण खरी मौज पुढेच आहे. घाटाची वायर त्या तोटीलाच जोडली पाहिजे असा नियम कुणी केलाय? कुणीच नाही! मित्र म्हणाला, "खोच कुठंही. काही मोडत नाही." मग आम्ही सुटलोच.

पहिल्यांदा ती वायर सुराच्या उंचीला जोडली आणि घाट अगदी तोकडा ठेवला. सूर उंचावरून एकदम खाली कोसळला, "धुप्!" झाला की ढोल! डग्ग्यावर तळहात दाबत सरकवला की सूर कसा वर चढतो, ते तबला शिकणाऱ्यांना ठाऊक असेल. हे त्याचंच उलटं.

मग ती फिल्टरला जोडली. फिल्टर म्हणजे आवाजाची गाळणी. तुमच्या तोंडातही एक आहे. "ऊ-आ-ऊ" म्हणून पाहा. सूर बदलला का? नाही. फक्त तोंडाचा आकार बदलला. पेटीही अगदी तसंच "वाऊ, वाऊ" करू लागली.

मग घाट उलटा केला. डोंगराच्या जागी दरी. म्हणजे एक आवाज आला की दुसरा आपोआप खाली जाणार. रेडिओवर निवेदक बोलू लागला की मागचं संगीत कसं दबतं? तसं.

मग घाट संपल्याची खूण जिथून बाहेर येते, तिथली वायर त्याच घाटाच्या सुरुवातीला खोचली. झालं! घाट संपला की पुन्हा सुरू, संपला की पुन्हा सुरू. कुणी बटण दाबायलाच नको. सावकाश फिरवला तर झोपाळ्यासारखा हेलकावा. वेग वाढवत नेला आणि सेकंदाला 20 फेऱ्यांच्या पुढे गेलो, तर तो घाट स्वतःच गुणगुणू लागला. जे यंत्र सुराला आकार देण्यासाठी होतं, त्याचाच सूर झाला!

हे ऐकून मला काय आठवलं असेल, सांगा? वेरूळ! मी विचारलं, "असे चार घाट आहेत का?" होते. मी पहिला संपला की दुसरा सुरू होईल अशी वायर लावली. दुसऱ्याची उंची कमी ठेवली. तिसऱ्याची त्याहून कमी, चौथ्याची आणखी कमी. शिवाय प्रत्येकाबरोबर गाळणी थोडी थोडी मिटत नेली, कारण मोठ्या जागेत फिरताना आवाजातले तीक्ष्ण सूर आधी विरतात. मग बटण दाबलं. 'टप्... टप्... टप्... टप्.' मित्र म्हणाला, "हे काय बनवलंस?" मी म्हटलं, "दहा नंबरचं लेणं."

अर्थात, खऱ्या लेण्याची सर त्याला कुठली! विश्वकर्मा लेणं सुमारे 26 मीटर लांब आहे. दगड आवाज फारसा पीत नाही, परतच पाठवतो. छत, फासळ्या, खांब, स्तूप या सगळ्यांवरून आवाज हजारो वाटांनी परततो, आणि वाटांची लांबी वेगवेगळी असल्यामुळे थोडा थोडा मागे-पुढे पोचतो. ते सगळे एकमेकांत मिसळतात म्हणून आपल्याला तुटक तुकडे नाही, एक लांब ओसर ऐकू येते. माझ्याकडे होते चारच घाट! पण ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की लेणं आपल्या आवाजाच्या ओसरीला हात लावतं, चढाला नाही. चढ आपला आपणच आणावा लागतो. आणि माझं अडतं ते नेमकं तिथंच!

'क' म्हणून पाहा. जीभ मागे टाळूला चिकटते, हवा अडते आणि एकदम सुटते. चढ क्षणात, घंटेच्या ठोक्यासारखा. मी तो ठोका जोर लावून मारायला जायचो आणि जेवढा जोर लावावा तेवढा जास्त अडकायचो.

पुढे मी एका वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "आधी थोडा श्वास बाहेर जाऊ द्या. जीभ टाळूला नुसती टेकवा, दाबू नका. आणि आवाज हळुवार सुरू करा." मी विचारलं, "म्हणजे अटॅकचं बटण थोडं फिरवायचं?" त्या हसल्या. "तुमच्या यंत्रातलं मला कळत नाही, पण हो, तसंच काहीसं!"

याचा उपयोग काहींना होतो, काहींना कमी होतो. मला थोडा झाला. जादू नाही झाली. आणि अडखळणारं मूल भित्रं नसतं, मठ्ठही नसतं, हे आई-बाबांनीही लक्षात ठेवावं. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. "नीट बोल" म्हणू नका. त्याला त्याचा वेळ द्या, आणि जमेल तितक्या लवकर तज्ज्ञांना भेटा.

गेल्या हिवाळ्यात मी भाचीला घेऊन वेरूळला गेलो. तीही आता आठवीत आहे. दहा नंबरच्या लेण्यात सकाळी गर्दी नव्हती. ती म्हणाली, "मामा, इथं नाव घेतात ना? घे की!" पोटात तोच जुना गोळा आला. मी उभा राहिलो. श्वास सोडला. जीभ हलकेच टेकवली आणि नाव घेतलं. अगदी ओरडून नाही, आपलं साधंच. पहिलं अक्षर जरा लांबलं. मग बाकीचं नाव आलं, आणि लेण्यानं ते वर नेऊन फासळ्यांतून फिरवलं. आम्ही दोघं ते पूर्ण विरेपर्यंत गप्प उभे होतो. ते आजोबा काही दिसले नाहीत. दिसले असते तर त्यांना सांगितलं असतं, की दमानं घेतलं हो!

बाहेर टपरीवर चहा सांगायला गेलो. "क... क... कमी साखरेचा." पुन्हा अडकलो! भाची काही बोलली नाही. मी पुरं करीपर्यंत शेंगा सोलत उभी राहिली. मग म्हणाली, "आणि माझ्यासाठी एक बिस्किटचा पुडा."

मित्रांनो, तुम्हालाही हा खेळ खेळता येईल. महागडी पेटी नको. घरात किंवा शाळेत संगणक असेल तर 'व्हीसीव्ही रॅक' नावाचा मॉड्युलर सिंथेसायझर त्यावर फुकट मिळतो. त्यात वायरी पडद्यावरच खोचायच्या. मोठ्यांना विचारून तो उतरवून घ्या. एन्व्हलपची चौकट शोधा आणि तिची वायर भलत्याच ठिकाणी खोचून पाहा. संगणक नसेल तर फोनवर घंटेचा आवाज मुद्रित करा, त्याची सुरुवात कापा आणि घरच्यांना ओळखायला सांगा. तेही नसेल तर आपली टाळी आहेच!

आणि वेरूळला गेलात तर विश्वकर्मा लेण्यात आरडाओरडा मात्र करू नका. हळूच एकदा आपलं नाव घ्या, आणि ते संपेपर्यंत थांबा. तुमच्यानंतर कुणी अडखळणारा पुढे आला, तर त्याचंही संपेपर्यंत थांबा. थांबाल ना?